हॅरल्ड गिलीज

सर हॅरल्ड डेल्फ गिलीज (जन्म : ड्युनेडिन, न्यू झीलंड, १७ जून १८८२, मृत्यू : लंडन, १० सप्टेंबर १९६०) हे चेहऱ्याच्या आधुनिक सुघटन शल्यचिकित्सेचा (प्लॅस्टिक सर्जरी) पाया घालणारे शल्यचिकित्सक होते. शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व जखम भरून येण्याच्या काळाला आहे, हे तत्त्व त्यांच्या कार्यातून या शाखेत रुजले.

जीवन आणि कार्य

केंब्रिज विद्यापीठ व लंडनचे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय येथे शिक्षण घेऊन गिलीज कान-नाक-घसा तज्ज्ञ झाले. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ते रेड क्रॉसतर्फे फ्रान्सला गेले. पॅरिसमध्ये इपोलित मोरेस्तँ यांची शस्त्रक्रिया पाहून ते प्रभावित झाले. त्यांच्या आग्रहामुळे १९१६ साली ऑल्डरशॉट येथे चेहऱ्याच्या जखमांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. सोमच्या लढाईनंतर तो अपुरा पडू लागल्याने १९१७ मध्ये सिडकप येथे क्वीन्स हॉस्पिटल उघडण्यात आले. तेथे ५,००० हून अधिक सैनिकांवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

कपाळाच्या त्वचेपासून नाक घडविण्याची प्राचीन भारतीय पद्धतही गिलीज यांनी वापरली. पुण्यात झालेल्या अशा एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ही पद्धत युरोपात परिचित झाली होती.

धोके व उपाय

त्या काळी प्रतिजैविके उपलब्ध नव्हती. स्थलांतरित त्वचेची आतील बाजू उघडी राहिल्यास जंतुसंसर्ग होई. रक्तपुरवठा कमी पडल्यास ती त्वचा मृत होई. ऑक्टोबर १९१७ मध्ये भाजलेल्या एका नौसैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्वचेच्या पट्टीच्या कडा आत वळत असल्याचे गिलीज यांच्या लक्षात आले. त्यांनी त्या कडा शिवून नळी तयार केली. त्यामुळे उघडा भाग झाकला गेला आणि मूळ जागेशी जोडलेल्या टोकातून रक्तपुरवठा चालू राहिला. नव्या जागी त्वचा रुजल्यावरच मूळचे टोक कापले जाई. भूल देण्यासाठी चेहऱ्यावर मुखवटा ठेवणे शक्य नसल्याने सिडकप येथील मॅगिल व रोबॉथम यांनी श्वासनलिकेत नळी घालण्याची पद्धत विकसित केली.

एका रुग्णाचा मृत्यू

१९१८ साली गंभीर भाजलेल्या एका वैमानिकाचा चेहरा गिलीज यांनी छातीवरील त्वचेच्या एकाच मोठ्या तुकड्याने झाकण्याचा प्रयत्न केला. रुग्ण आधीच खंगलेला होता. रोपण केलेल्या त्वचेत कोथ झाला आणि काही आठवड्यांतच त्याचा मृत्यू झाला. १९२० मधील आपल्या ग्रंथात गिलीज यांनी ही घटना लपविली नाही. निर्दोष परिणामाच्या ओढीने आपला निर्णय चुकला, हे त्यांनी मान्य केले. पुढे लहान टप्प्यांत काम करणे आणि प्रत्येक टप्प्यानंतर शरीराला सावरू देणे हा त्यांचा नियम झाला. त्यामुळे अनेक रुग्णांचे उपचार वर्षानुवर्षे चालत. त्या काळात त्यांचे मन खचू नये म्हणून कक्षांत आरसे ठेवले जात नसत. रुग्णांना निरनिराळे व्यवसायही शिकविले जात.

उत्तरायुष्य

युद्धानंतर गिलीज यांनी केवळ सौंदर्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियाही केल्या. १९३० मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्यांचे नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांवर उपचार करून हे कार्य पुढे नेले. चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया आज पुष्कळ सुरक्षित झाली असली, तरी जंतुसंसर्ग आणि अपुरा रक्तपुरवठा हे दोन धोके अजूनही टळलेले नाहीत.