पाण्याचा थेंब मोजणाऱ्या पोराने पुढे युरेनियम कसं फुटतं ते सांगितलं

पावसाळ्यात कर्जत-खोपोली लोकलने गेला असाल तर हे बघितलं असेल. खिडकीच्या गजाला थेंब लटकलेला असतो. गाडीने हिसका दिला की तो थरथरतो, लांबट होतो, परत गोल होतो. हिसका जोरात बसला तर मधोमध बारीक होऊन त्याचे दोन होतात.

आपण बघून सोडून देतो. कोपनहेगनच्या नील्स बोरने हे मोजलं.

नील्सचा जन्म 1885 चा. कॉलेजात असताना डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीने पाण्याच्या पृष्ठताणावर निबंध मागवले. गडी वडिलांच्या प्रयोगशाळेत घुसला, काचेच्या नळ्या स्वतः बनवल्या आणि नळीतून सुटणारी धार कशी थरथरते ते मोजत बसला. रस्त्यावरून गाडी गेली तरी मोजमाप बिघडायचं, म्हणून काम रात्रीचं. 1907 मध्ये सुवर्णपदक मिळालं.

पुढे अणूची रचना, 1922 चं नोबेल, हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहेच.

तीस वर्षांनी तो थेंब परत आला. 1936-37 च्या सुमारास बोर यांनी मांडलं की जड अणूचं केंद्रक थेंबासारखं वागतं. युरेनियमच्या केंद्रकात 238 कण एकमेकांना धरून असतात. एकाला धक्का दिला तर सगळा थेंब हलतो.

1938 च्या शेवटी बर्लिनमध्ये युरेनियमवर न्यूट्रॉन मारले, तर चक्क बेरियम मिळालं. लिझ माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी बोर यांचाच थेंब वापरून कोडं सोडवलं. थेंब ताणला जातो, मधे बारीक होतो, तुटतो. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, म्हणून बोर स्वतःच हळहळले! मग जॉन व्हीलरसोबत त्यांनी याचं गणित मांडलं. ते छापून आलं 1 सप्टेंबर 1939 ला. त्याच दिवशी जर्मनी पोलंडमध्ये घुसली.

बोर यांची आई ज्यू. 1943 मध्ये अटकेची कुणकुण लागताच ते रात्री बोटीने स्वीडनला निसटले आणि तिथून अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पापर्यंत पोचले. बॉम्बची गोष्ट रशियाला आधीच सांगा, नाहीतर शर्यत लागेल, हे त्यांनी 1944 मध्ये चर्चिलना पटवायचा प्रयत्न केला. चर्चिलनी उलट त्यांच्यावरच संशय घेतला.

1947 मध्ये अमेरिकेत आणखी एक थरथर सापडली. गॅमा किरणांचा नेमका ताल जुळला की केंद्रकातले सगळे प्रोटॉन एकीकडे आणि सगळे न्यूट्रॉन दुसरीकडे झुलतात. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं. शिशाच्या केंद्रकात हा झोका सेकंदाला साधारण 3 वर 21 शून्यं इतक्या वेळा हलतो. याला म्हणतात जायंट डायपोल रेझोनन्स.

केंद्रकाच्या अशा सामूहिक हालचालींचा सिद्धांत उभा करणाऱ्यांत बोर यांचा मुलगा ओगे होता. त्याला 1975 चं नोबेल मिळालं. ते बघायला वडील नव्हते, 1962 मध्येच गेले होते.

त्याआधी 1960 च्या जानेवारीत ते मुंबईत येऊन होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था बघून गेले. भाभा तरुणपणी बोर यांच्याकडे कोपनहेगनला राहून आलेले. कर्जत लोकल जिथे शेवटची थांबते त्या सीएसएमटीपासून काही किलोमीटरवर, कुलाब्यात ही संस्था आहे. तिथे 1988 पासून पेलेट्रॉन नावाचं यंत्र आहे. त्यातून वेगवान कण आदळवून जड केंद्रकं तापवतात आणि बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांवरून त्यांची थरथर मोजतात.