आरशाला बिचकणारी लेखिका

व्हर्जिनिया वुल्फ हे नाव इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या मैत्रिणींना ठाऊक असेल. बाईला लिहायचं तर स्वतःची खोली हवी आणि हाताशी स्वतःचे पैसे हवेत, असं १९२९ साली ठणकावून सांगणारी ही ब्रिटिश लेखिका. मला मात्र तिच्या पुस्तकांआधी तिचं बालपण आठवतं.

२५ जानेवारी १८८२ला ती लंडनमध्ये जन्मली. वडील लेस्ली स्टीफन नावाजलेले लेखक. आई-वडील दोघांचंही हे दुसरं लग्न, त्यामुळे घरात आठ मुलं. पुस्तकांनी भरलेलं, अब्रूदार घर! पण व्हर्जिनिया अगदी लहान असताना आईच्या पहिल्या लग्नाच्या मुलाने, जेराल्डने, तिच्या अंगाला नको तसा हात लावला. तो तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. १८९५मध्ये आई गेली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. मन पहिल्यांदा कोलमडलं ते तेव्हा. पुढे थोरल्या जॉर्जनेही तेच केलं. जगाच्या नजरेत तो पोरक्या बहिणींना जपणारा आदर्श भाऊ. मग सांगायचं कुणाला?

१८९७मध्ये सावत्र बहीण स्टेला गेली, १९०४मध्ये वडील. त्या वर्षी तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरांचा उपचार काय, तर पडून राहा, दूध प्या, लिहिणं-वाचणं कमी करा. १९१२मध्ये लग्न झालं. नवऱ्याने, लेनर्डने, तिला आयुष्यभर जपलं. तिने एकाहून एक सरस कादंबऱ्या लिहिल्या. तरी आजार अधूनमधून परतायचाच.

जेराल्डची ती आठवण तिने कागदावर उतरवली १९३९मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. आरशात पाहताना लाज वाटते, नवे कपडे घालून चारचौघांत जायला भीती वाटते, याचं मूळ ती तिथे शोधत होती. पन्नास वर्षं ही लाज तिने वागवली, आणि ती तिची नव्हतीच! २८ मार्च १९४१ रोजी, महायुद्धाच्या धामधुमीत, तिने आयुष्य संपवलं. त्या आठवणी छापून आल्या १९७६मध्ये.

तिच्या आजाराला हेच एक कारण, असं कुणी म्हणू नये. एकामागून एक मृत्यू होते, घराण्यातही मानसिक आजार होता. पण लहानपणी अत्याचार सोसलेल्यांना मोठेपणी नैराश्याचा धोका जास्त असतो, हे आता अनेक अभ्यासांतून दिसलंय. मूल सतत धास्तीत राहतं, त्याच्या शरीराला तीच सवय लागते. शिवाय चूक आपलीच, असं त्याच्या मनात बसतं. मात्र धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. वेळीच कुणी विश्वास ठेवला, उपचार मिळाले, तर माणूस सावरतो.

म्हणून मैत्रिणींनो, एखादी पोर अमुक काकाकडे, दादाकडे जायचं नाही म्हणाली, तर तिला दटावू नका. जवळ घ्या, ऐका. मुलांसाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे. आणि असं ओझं तुमच्याच मनात असेल, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. घरची अब्रू लेकीच्या गप्प बसण्यावर टिकत असेल, तर ती अब्रू काय कामाची?