चाळीसगावचे बाबूजी आणि पंजाब मेल

फॉर्मला लावायला पासपोर्ट फोटो काढताना समोरच्या फोटोग्राफरकडे कधी नीट पाहिलंय? ‘हनुवटी थोडी वर’ म्हणणारा हा माणूस मनातून कलावंत असेल, असं आपल्या डोक्यातही येत नाही. म्हणूनच आज केकी मूस यांची आठवण.

देवगाव फाट्यावरून जालना, छत्रपती संभाजीनगर करत कन्नडचा घाट उतरलात की चाळीसगाव येतं. तिथे रेल्वे स्टेशनजवळच्या दगडी बंगल्यात हे पारशी गृहस्थ राहायचे. पूर्ण नाव कैखुश्रू माणेकजी मूस. सगळ्यांचे बाबूजी.

जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबईचा. आईवडिलांचं चाळीसगावात सोडा आणि दारूचं दुकान. मुलगा मात्र कलेच्या नादी लागला. मुंबईत कॉलेज केलं, इंग्लंडला जाऊन कमर्शियल आर्ट आणि फोटोग्राफी शिकला. परतल्यावर मुंबईत बस्तान बसवणं सोपं होतं. पण १९३०च्या दशकाच्या अखेरीस तो चाळीसगावला आला, आणि पुढची सुमारे ५० वर्षं जवळजवळ घराबाहेरच पडला नाही!

का? गावात एक गोष्ट सांगतात. मुंबई सोडताना मैत्रिणीनं शब्द दिला होता, की एक दिवस पंजाब मेलने येईन आणि तुझ्याबरोबर जेवेन. म्हणून रोज रात्री गाडीच्या वेळेला बाबूजी दारं-खिडक्या उघडायचे, दिवे लावायचे, दोघांचं ताट मांडायचे. ती आली नाही. योगायोग बघा, पंजाब मेल सुरू झाली तीही १९१२ सालीच.

गोष्ट भारी आहे. रील बनवावं अशी. पण तेवढ्यावरच थांबलात तर बाबूजींवर अन्याय होईल. कारण गाडी येऊन जायची ती काही मिनिटं. उरलेल्या दिवसाचं काय?

उरलेल्या वेळात हा माणूस काम करत होता. त्यांची खासियत टेबलटॉप फोटोग्राफी. टेबलावर घरातल्याच किरकोळ वस्तूंनी छोटंसं दृश्य उभं करायचं, प्रकाश हवा तसा पाडायचा आणि कॅमेरा असा लावायचा की बघणाऱ्याला ते खरंखुरं गाव वाटावं. फोटोत मोजपट्टी नसते. वीतभर फांदीसुद्धा झाड होऊ शकते. बाहेर चाळीसगावचं ऊन, आत टेबलावर बर्फ पडलेला! तेव्हा स्क्रीनवर लगेच बघायची सोय नव्हती. चुकलं की नाही, ते फिल्म धुतल्यावरच कळायचं. मग पुन्हा पहिल्यापासून.

त्या टेबलावरचे फोटो देशोदेशीच्या प्रदर्शनांत गेले, शेकडो बक्षिसं घेऊन आले. जोडीला चित्रं, शिल्पं, लाकडावरचं कोरीवकाम, कागदाच्या घड्यांची कला. ३१ डिसेंबर १९८९ला बाबूजी गेले. त्यांच्या बंगल्यात आज कलादालन आहे.

त्यांच्यासारखं दार लावून घ्या, असं अजिबात म्हणायचं नाही. तो एकटेपणा सोपा नसणार. पण ‘आपल्या गावात काही स्कोपच नाही’ असं म्हणून हातातलं काम पुण्या-मुंबईला जाईपर्यंत पुढे ढकलत असाल, तर ते टेबल आठवा. हव्या त्या गाडीची वाट जरूर बघा. ती येईपर्यंत काय करताय, एवढंच स्वतःला विचारा.