प्रफुल्लकुमार सेन

प्रफुल्लकुमार सेन (७ डिसेंबर, १९१५ – २२ जुलै, १९८२) हे भारतीय हृदय व रक्तवाहिनी शल्यविशारद होते. भारतातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण त्यांच्या नेतृत्वाखाली झाले. हृदयाच्या झडपांवरील शस्त्रक्रियेच्या भारतातील आरंभीच्या प्रवर्तकांतही त्यांची गणना होते.

जीवन

सेन यांचा जन्म कोलकाता येथे झाला. त्यांचे बालपण नागपुरात गेले. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. मात्र तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये स्थापन झाले. सेन यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. पुढे त्यांनी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात प्रशिक्षण घेतले आणि परतल्यावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला.

झडपांवरील शस्त्रक्रिया

घशाच्या जंतुसंसर्गानंतर लहान मुलांना होणारा संधिज्वर हृदयाच्या झडपांना इजा करतो. डाव्या बाजूच्या द्विदल झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून मार्ग अरुंद होतो, रक्त फुप्फुसांत साचते आणि रुग्णाला धाप लागते. हा विकार भारतात तरुण वयातच गंभीर रूप धारण करीत असे.

१९५० च्या दशकात सेन यांनी ही झडप रुंद करण्याची बंद शस्त्रक्रिया सुरू केली. तीत धडधडत्या हृदयाच्या डाव्या कर्णिकेतून बोट आत घालून चिकटलेल्या पाकळ्या मोकळ्या केल्या जात. हृदय-फुप्फुस यंत्राची गरज नसल्याने ती कमी खर्चाची होती.

दीर्घकालीन परिणाम

या शस्त्रक्रियेने अनेक रुग्णांना कित्येक वर्षे आराम मिळतो. तथापि मूळ आजार नाहीसा होत नाही. झडप पुन्हा अरुंद होऊ शकते, तर काहींच्या झडपेतून रक्त मागे गळू लागते. अशा वेळी दुसरी शस्त्रक्रिया किंवा कृत्रिम झडप आवश्यक ठरते. धातूची झडप बसविल्यास रक्त न गोठण्याचे औषध आयुष्यभर घ्यावे लागते आणि नियमित रक्ततपासणी करावी लागते. मोठ्या रुग्णालयापासून दूर राहणाऱ्यांना हे कठीण जाते. म्हणून शक्य तेथे रुग्णाची स्वतःची झडप राखणे हितावह ठरते. संधिज्वर पुन्हा उद्भवू नये यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देतात. शस्त्रक्रियेचा लाभ टिकणे बऱ्याच अंशी या पाठपुराव्यावर अवलंबून असते.

हृदयप्रत्यारोपण

फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनी केईएम रुग्णालयात केलेले हृदयप्रत्यारोपण हे जगातील सहावे होते. रुग्ण काही तासांतच मरण पावला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणातील रुग्णही एक दिवस जगू शकला नाही. त्यानंतर सेन यांनी प्रत्यारोपण केले नाही. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा भारतात १९९४ मध्ये झाला. त्याच वर्षी दिल्लीत देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण झाले.

सन्मान व वारसा

भारत सरकारने त्यांना १९६९ मध्ये पद्मभूषण पुरस्कार दिला. १९८० च्या दशकापासून फुग्याच्या साहाय्याने, छाती न उघडता, द्विदल झडप रुंद करण्याची पद्धत प्रचारात आली. चिकटलेल्या पाकळ्या सोडवून रुग्णाची झडप राखण्याचे बंद शस्त्रक्रियेतील तत्त्व तिच्यातही कायम आहे.