अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी कोर्ट : डॉ. रखमाबाईंची गोष्ट

लगीनसराई आली की गावोगावी मांडव उभे राहतात. त्यातल्या काही मांडवांत नवरीचं वय कोणी विचारत नाही. मी स्वतःसुद्धा अशा एका लग्नात जेवून आलोय. पोरगी नववीत होती. तेव्हा कायदा माहीत नव्हता, आणि माहीत असता तरी तोंड उघडलं असतं का, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणूनच तरुण वाचकांना डॉ. रखमाबाईंची गोष्ट सांगतोय.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. सुतार समाजात विधवेच्या लग्नाला मोकळीक होती. रखमाबाई अकरा वर्षांच्या झाल्या आणि त्यांचं लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिलं. पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या. डॉक्टरांच्या घरात पुस्तकं होती, पोरीला वाचनाची गोडी लागली.

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला, की बायकोला नांदायला पाठवा. रखमाबाईंचं म्हणणं सरळ होतं. कळत नव्हतं त्या वयात, न विचारता लावलेलं लग्न मी मानणार नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. दादाजींनी अपील केलं, तो निकाल फिरला आणि खटला पुन्हा चालला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, महिन्याभरात नांदायला जायचं, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली.

सगळीकडे गदारोळ उठला. टिळकांच्या केसरीसारख्या वजनदार पत्रानेही त्यांच्या विरोधात भूमिका घेतली. विसाव्या-बाविसाव्या वर्षी एवढी टीका सोसणं सोपं नव्हतं. त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात टोपणनावाने पत्रं लिहून बालविवाहात पोरीचं शिक्षण आणि आयुष्य कसं मातीत जातं, ते मांडलं. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. तुरुंगाची वेळ आली नाही.

१८८९ मध्ये त्या विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. सुरत आणि राजकोट इथल्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या खटल्याने संमतीच्या वयाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८९१ च्या कायद्याने ते वय दहावरून बारा झालं. आज बारा हा आकडा वाचूनही अंगावर काटा येतो, पण तेव्हा तेवढ्यासाठीही भांडावं लागलं.

आता आजचा कायदा नीट समजून घ्या. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ मध्ये झाला. लग्नासाठी मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण हवा. लग्न लावणारा, ठरवणारे आईबाप आणि लग्नाला हजर राहणारेसुद्धा यात अडकू शकतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हा गुन्हा अजामीनपात्र आहे. गावात ग्रामसेवकाकडे तक्रार देता येते. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहे, त्यावर फोन फुकट लागतो. लग्न लागून गेलं असलं तरी वाट बंद होत नाही. वयाची २० वर्षं पूर्ण होण्याआधी मुलगी ते लग्न रद्द करण्यासाठी कोर्टात अर्ज करू शकते.

रखमाबाईंच्या वेळी कायदा नवऱ्याच्या बाजूने होता, तरी त्या हटल्या नाहीत. आज कायदा पोरीच्या बाजूने आहे. फक्त तो तिला माहीत पाहिजे, आणि मांडवात बसलेल्या आपल्यापैकी एकाने तरी जेवायच्या आधी नवरीचं वय विचारलं पाहिजे.