कोळशाच्या खाणीत उतरलेले मजूरमंत्री : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

पुण्याच्या कसबा पेठेतला बोळ कितीही अरुंद असला, तरी वर आभाळ दिसतं आणि वारा लागतो. भुयारी कोळसा खाणीत यातलं काहीच नसतं. कोळसा फोडला की मिथेन वायू सुटतो. त्याला ठिणगी लागली की स्फोट. त्या दणक्यानं साचलेली कोळशाची धूळ उडते, पेटते आणि आग भुयारभर पसरते. बंगालमधल्या पोईडीह खाणीत डिसेंबर १९३६ मध्ये अशाच स्फोटात २०९ माणसं गेली.

खेळती हवा, धुळीवर पाणी किंवा दगडाची भुकटी आणि आत उघडी ज्योत न नेणं, हे उपाय तेव्हाही ठाऊक होते. मात्र मालकांकडून ते पाळून घ्यायला सरकारी धाक लागतो. ते खातं जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांकडे आलं. व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री झाले आणि खाणींची तपासणीही त्यांच्याच खात्याखाली होती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथं जन्मलेले बाबासाहेब मुंबईत परळच्या चाळीत, गिरणी कामगारांमध्ये वाढले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मजुराचं जिणं त्यांनी जवळून पाहिलं होतं.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले, स्वतः खाणीत उतरले आणि मजुरांची घरंही पाहिली. लगेच जानेवारी १९४४ मध्ये खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवून त्या पैशातून घरं, पाणी, शाळा, दवाखाने करायचे होते. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला.

या काळात एक कडू निर्णयही झाला. युद्धामुळे कोळसा कमी पडू लागला, म्हणून ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारनं बायकांना भुयारात पाठवण्यावरची बंदी उठवली. देशभर टीका झाली. कायदेमंडळात सरकारची बाजू मांडणं बाबासाहेबांच्याच वाट्याला आलं. बायकांना पुरुषांइतकीच मजुरी, हे तत्त्व मात्र त्यांनी तिथं धरून ठेवलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. आज चंद्रपूर, वणी, नागपूर भागातल्या भुयारी खाणींत आपल्याच गावाकडची पोरं उतरतात. वायू आणि धूळ आजही तीच आहे. म्हणून पाळीआधीची वायू तपासणी कुणी कागदावरच उरकत असेल, तर ती खपवून घेऊ नये.