अंकांचे सोबती : कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

विद्यार्थिमित्रहो, 11 ही संख्या डावीकडून वाचा अथवा उजवीकडून, ती सारखीच. शिवाय ती मूळ संख्या होय. एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा भाजक नाही. 111 हीही तितकीच डौलदार दिसते; परंतु ती 3 आणि 37 यांचा गुणाकार निघते. नुसत्या एकांनी बनलेली, 11 च्या पुढची मूळ संख्या हवी असल्यास तब्बल 19 एक मांडावे लागतात! बाह्य रूपावरून अंतरंग कळत नाही, हेच खरे. अंकांच्या अशा सहवासात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या कापरेकर मास्तरांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

त्यांचा जन्म 17 जानेवारी 1905 रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. वडील कारकून असून त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यामुळे बालपणीच आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यास शालेय शिक्षण आटोपून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे 1927 साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. 1929 साली ते पदवीधर झाले. पुढील उच्च पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. 1930 पासून 1962 पर्यंत त्यांनी देवळाली येथे शिक्षकाचे काम केले.

एकदा डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना एका संख्याकुलाची कल्पना सुचली. त्या संख्यांना त्यांनी स्थानकाचेच नाव दिले. 11 चा वर्ग 121, 111 चा वर्ग 12321. नऊ एकांपर्यंत ही चढउतार अभंग राहते, दहाव्या एकाशी हातचा येऊन मोडते. 1949 साली त्यांनी 6174 या संख्येचे नवल उजेडात आणले. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. हाच क्रम चालविल्यास फार तर सात पायऱ्यांत 6174 येते.

कित्येक विद्वानांनी या संशोधनास पोरखेळ मानले. मास्तर खचले नाहीत. पदरमोड करून परिषदांस जात राहिले. निवृत्तीनंतर तुटपुंज्या वेतनामुळे त्यांना शिकवण्याही कराव्या लागल्या. अखेर 1975 साली मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे त्यांची कीर्ती जगभर पसरली. 1986 साली ते निवर्तले.

पालकहो, आपला पाल्य वहीच्या कोपऱ्यात आकडे जुळवीत बसल्यास त्यास रागे भरण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.